मोठेपणी कोण होणार? अलोऱ्याचा इतिहास काय सांगतो

‘मोठेपणी तू कोण होणार?’ हा प्रश्न आपण शिक्षक, पालक आणि पाहुणे मुलांना सहजपणे विचारत असतो. डॉक्टर, इंजिनियर, पोलीस, शिक्षक, ड्रायव्हर अशी उत्तरे येतात. ती ऐकून आपण हसतो, कौतुक करतो किंवा ‘आधी गणितात पास हो’ असे सुनावतो. ही उत्तरे मुलांच्या डोक्यात आली कोठून, हा प्रश्न मात्र आपल्याला फारसा पडत नाही. ज्या गावात इंजिनियर पाहायला मिळत नाही तेथील मूल इंजिनियर व्हायचे स्वप्न पाहील का? आणि ज्या कामाचे स्वप्न ते पाहते ते काम त्याच्या मोठेपणापर्यंत टिकेल का?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी अलोरे हे गाव फार उपयोगी आहे. चिपळूणहून कराडकडे निघाले की कुंभार्ली घाट चढण्याआधी अलोरे, शिरगाव, पोफळी हा परिसर लागतो. सह्याद्रीच्या पायथ्याचा, भाताच्या खाचरांचा आणि धो धो पावसाचा हा भाग. कोयना जलविद्युत प्रकल्पाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे मोठी वसाहत वसवली आणि काम संपत गेले तशी ती ओसरत गेली. एखाद्या भागात रोजगार कसा येतो, कसा बदलतो आणि कसा जातो, हे सारे दोन-तीन पिढ्यांच्या अवधीत येथे पाहायला मिळते.

मुंबईची वाट

वीज येण्यापूर्वी या परिसरातील मुलाला वरचा प्रश्न विचारला असता, तर बहुधा एकच उत्तर आले असते : ‘मुंबईला जाणार.’ त्यात ‘कोण होणार’ यापेक्षा ‘कोठे जाणार’ हे महत्त्वाचे होते. जमीन थोडी, तीही डोंगरउताराची. पाऊस भरपूर, पण पावसाळ्यानंतर ओल टिकत नसल्याने पीक मुख्यतः एकच. त्यातून खोताचा वाटा जायचा. स्वातंत्र्यानंतर कायद्याने खोती गेली, पण तोवर घरटी एक माणूस मुंबईत, हा रिवाज पक्का झाला होता. १९११ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते.

ही नोकरी मिळण्याची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. जाहिरात नव्हती, परीक्षा नव्हती. गावातला कोणी आधी गेलेला असे, तो जॉबरला म्हणजे मुकादमाला सांगे आणि नवा पोरगा गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकून बदली कामगार म्हणून सुरुवात करी. थोडक्यात, व्यवसाय मार्गदर्शन होते, पण ते नात्यागोत्याचे होते. ज्याचे कोणी गिरणीत नव्हते त्याला गिरणीचा दरवाजा सापडत नसे. जातही आड येई. तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागतो या सबबीखाली अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणखात्यातील चांगल्या पगाराच्या कामापासून दूर ठेवले जाई.

दरवाजे बंद होण्याचा याहून जुना अनुभवही याच जिल्ह्याच्या गाठीशी आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातील महार समाजातील अनेकांनी मुंबई इलाख्याच्या सैन्यात नोकरी केली. दापोली हे तर पेन्शनर शिपायांचे गाव मानले जाई. सुभेदार रामजी आंबेडकर निवृत्तीनंतर काही वर्षे तेथेच राहिले होते. लष्करामुळे शिक्षण आले, नियमित पगार आला, मान आला. परंतु १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने ही भरती बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज तयार केला, पण दार उघडले नाही. स्वतंत्र महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. म्हणजे एका पिढीतील मुलांची महत्त्वाकांक्षा त्यांच्या आळसाने वा नालायकीने नव्हे, तर सरकारी धोरणाने संपली. ‘आजकालच्या पोरांना काही व्हायचंच नसतं’ असे म्हणण्यापूर्वी हे उदाहरण आठवावे.

पाणी पश्चिमेकडे वळते

कोयना नदी महाबळेश्वरकडे उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेला मिळते. या वळणाजवळ नदी आणि कोकणचा उतार यांच्यामध्ये डोंगराची एक भिंत आहे. ती भिंत भेदून पाणी पश्चिमेकडे सोडले तर ते एकदम सुमारे ४७५ मीटर खाली येईल, हे या प्रकल्पामागचे साधे सूत्र. टाटांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या जागेचा विचार केला होता, पण पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत तो मागे पडला. प्रत्यक्ष काम १९५० च्या दशकात सरकारने हाती घेतले.

वर्गात करण्याजोगे एक गणित येथे आहे. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम. ते ४७५ मीटर खाली आले तर वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, म्हणजे १००० × ९.८ × ४७५, सुमारे ४६.५ लाख ज्यूल ऊर्जा मिळते. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे घर्षण आणि यंत्रांतील तूट वजा जाता एका घनमीटरमागे सव्वा युनिटाच्या आतबाहेर वीज हाती येते. पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून बाहेर पडलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवले जाते आणि तेथून पुन्हा शंभर मीटरहून थोडे अधिक खाली सोडून अलोऱ्याच्या वीजगृहात दुसऱ्यांदा वीज काढली जाते. मग ते कालव्याने वाशिष्ठी नदीत आणि चिपळूणवरून खाडीला जाते.

पोफळीचा पहिला संच १९६२ मध्ये सुरू झाला. पहिले दोन टप्पे मिळून ६०० मेगावॉट, १९७५ ते १९७८ या काळात आलेला कोळकेवाडीचा तिसरा टप्पा ३२० मेगावॉट, धरणाच्या पायथ्याचे वीजगृह ४० मेगावॉट आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस आलेला चौथा टप्पा १००० मेगावॉट, अशी एकूण १९६० मेगावॉटची ही क्षमता आहे.

या आकड्यांच्या मागे दुसरी बाजूही आहे. शिवसागर जलाशयाखाली सुमारे शंभर गावे गेली. तेथील हजारो कुटुंबे रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर, ठाणे अशी विखुरली. पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेल्या घरांतील मुलांसमोर ‘कोण होणार’ हा प्रश्न त्यांनी न विचारता येऊन उभा राहिला. पुढे सरकारी नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्तांसाठी राखीव जागा आल्या. ‘प्रकल्पग्रस्ताचा दाखला’ हा आजही कित्येक घरांत शाळा सोडल्याच्या दाखल्याइतकाच जपून ठेवलेला कागद असतो.

मस्टरवरून ‘कायम’

अलोऱ्याच्या परिसरात या प्रकल्पाने काय आणले? पहिल्यांदाच, मुंबईला न जाता मिळणारा रोख पगार आणला. बोगदे खोदायला, दगड वाहायला, काँक्रीट ओतायला माणसे लागत. त्यांची हजेरी मस्टरवर लागे आणि मजुरी दिवसावर मिळे. त्यावरची पायरी वर्कचार्जची, म्हणजे कामाच्या खर्चातून पगार मिळणाऱ्यांची. या दोन्हींत एक धाक कायमचा होता : काम संपले की नोकरी संपली.

१९६७ च्या कालेलकर निवाड्याने हे चित्र बदलले. पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांत सलग पाच वर्षे काम केलेल्या रोजंदारी कामगारांना ‘रूपांतरित नियमित अस्थायी’ आस्थापनेवर घेण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. कामगार तिला ‘सी.आर.टी.’ म्हणत. नाव बोजड असले तरी त्याचा अर्थ घरी सर्वांना कळे : रजा, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन. प्रकल्पाच्या मुलुखात ‘कायम झाला’ हे दोन शब्द मुलाच्या लग्नाच्या बोलणीत जमिनीपेक्षा वजनदार ठरू लागले.

वसाहतीमुळे मुलांच्या नजरेपुढे कामांची एक नवी यादी आली. सर्व्हेअर, फिटर, वेल्डर, ड्रिलर, क्रेन ऑपरेटर, ड्राफ्ट्समन, ओव्हरसियर, स्टोअरकीपर, परिचारिका. ज्या मुलांनी याआधी फक्त शेतकरी, तलाठी, मास्तर आणि सुट्टीवर आलेला चाकरमानी पाहिला होता, त्यांना ही माणसे रोज नळावर, बाजारात, शाळेच्या स्नेहसंमेलनात भेटू लागली. शेजारच्या क्वार्टरमधील काकांची थिओडोलाइट पाहिलेल्या मुलाला त्रिकोणमिती कशाला शिकायची हे वेगळे सांगावे लागत नाही. याच काळात बाहेरही शिक्षणाच्या वाटा रुंदावत होत्या. १९५० पासून देशात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची म्हणजे आय.टी.आय.ची योजना सुरू झाली, १९६० मध्ये घाटावर कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला आणि १९७२ मध्ये दापोलीला कृषी विद्यापीठ आले.

पण ही यादी सर्वांसाठी सारखी नव्हती. बांधकामावर पाटी उचलणाऱ्या स्त्रिया होत्या, परंतु यंत्र हाती असलेली कामे जवळजवळ सगळी पुरुषांची. मुलीने वसाहतीत स्वतःसाठी पाहावे असे काम म्हणजे शिक्षिका, परिचारिका किंवा कारकून. राज्याचे महिला धोरण आणि सरकारी नोकऱ्यांतील स्त्रियांचे आरक्षण १९९४ च्या सुमारास आले, तोवर प्रकल्पाच्या बांधकामाचा भर ओसरायला लागायची वेळ आली होती.

भूकंपाने निर्माण केलेली कामे

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचारनंतर काही मिनिटांनी कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. सुमारे दोनशे माणसे दगावली, हजारो घरे पडली. वीजनिर्मिती बंद पडल्याने मुंबईतील कारखान्यांनाही फटका बसला. धरणातील पाणी आणि भूकंप यांच्या संबंधाचे जगातील एक महत्त्वाचे उदाहरण म्हणून कोयनेचा अभ्यास सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे या विषयावरील काम जगभर परिचित आहे. पुढे कराड येथे वेधन-भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली आणि खडकात तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन तेथील तापमान, दाब आणि खडकांचे गुणधर्म तपासले गेले.

धरणाचे काम सुरू झाले त्या सुमारास एखाद्या शिक्षकाने वर्गात भविष्यातील व्यवसायांची यादी केली असती, तर ‘धरणाजवळच्या भूकंपांचा अभ्यासक’ हे नाव तीत आले नसते. तसे काम अस्तित्वातच नव्हते. पण त्या कामाला लागणारे भौतिकशास्त्र, गणित आणि भूगोल मात्र त्याच वर्गात शिकवले जात होते. कोणते व्यवसाय येतील हे शिक्षकाला सांगता येत नाही. ते आले तर धरता येतील असे हात आणि डोके तयार करता येते. मी संशोधनात आलो तेव्हा आज माझ्या प्रयोगशाळेत रोज लागणारी निम्मी साधने माझ्या अभ्यासक्रमात नव्हती, त्यामुळे हे मी अनुभवानेही म्हणू शकतो.

उंटाच्या पाठीसारखा आलेख

जलविद्युत प्रकल्पाच्या रोजगाराचा आलेख काढला तर तो उंटाच्या पाठीसारखा दिसतो. सर्वेक्षणाच्या वेळी थोडी माणसे, बांधकामाच्या वेळी प्रचंड आणि यंत्रे फिरू लागली की पुन्हा थोडी. औष्णिक केंद्राला कोळसा आणण्या-जाळण्यासाठी आणि राख हलवण्यासाठी सतत मनुष्यबळ लागते; पाणी मात्र आपल्या वजनाने खाली येते. अलोऱ्याचे भाग्य असे की, पहिले वशिंड उतरण्याआधी दुसऱ्या टप्प्याचे आणि ते उतरण्याआधी तिसऱ्याचे काम उभे राहिले, मग चौथ्याचे. त्यामुळे जवळजवळ चार दशके लोकांना हा चढउतार ठळकपणे जाणवला नाही. वडील लागले, मुलगाही लागेल, असे वाटत राहिले.

चौथा टप्पा हा तांत्रिकदृष्ट्या या मालिकेचा कळस होता. भरलेल्या जलाशयातून नवे पाणी घ्यायचे, तर धरण रिकामे करणे परवडणारे नव्हते. म्हणून नॉर्वेमध्ये विकसित झालेले ‘लेक टॅपिंग’चे तंत्र वापरण्यात आले. जलाशयाच्या तळाखालून बोगदा खोदत आणायचा, शेवटी खडकाची एक बुचासारखी भिंत ठेवायची आणि सर्व तयारी झाल्यावर ती स्फोटाने उडवायची. १३ मार्च १९९९ रोजी हे काम यशस्वी झाले. पुढे २५ एप्रिल २०१२ रोजी दुसरे लेक टॅपिंगही पार पडले.

मात्र एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. चौथ्या टप्प्याने क्षमता दुपटीहून अधिक केली, पण पाणी दुप्पट झाले नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी ठरवून दिलेली मर्यादा वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफूट आहे. तेच पाणी मागणी सर्वाधिक असलेल्या थोड्या तासांत वापरून अधिक वीज द्यायची, हा चौथ्या टप्प्याचा हेतू. शिवाय यंत्रे मोठी, नियंत्रण आधुनिक, खोदकामही पूर्वीपेक्षा अधिक यांत्रिक. म्हणजे प्रत्येक टप्प्याला दर मेगावॉटमागे कमी हात पुरू लागले आणि उरलेल्या हातांना अधिक शिक्षण लागू लागले. त्यानंतर पाचवे वशिंड आले नाही. बांधकाम विभागांची गरज संपत गेली, निवृत्त झालेल्यांच्या जागी नवी भरती अभावानेच झाली. जून २००५ मध्ये राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मितीची वेगळी कंपनी झाली आणि अनेक कामे कंत्राटाने होऊ लागली. ज्या क्वार्टरांसाठी एकेकाळी प्रतीक्षायादी असे, त्यांपैकी कितीतरी ओस पडली.

हाच आलेख जिल्ह्यात इतरत्रही दिसतो. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला आणि कोकणच्या मनीऑर्डरींचा एक मोठा झरा आटला. कोकण रेल्वेच्या बांधकामाने १९९० च्या दशकात खूप हातांना काम दिले, पण १९९८ मध्ये गाडी धावू लागल्यावर त्यांतील थोड्यांनाच पुढे काम उरले. गुहागरचा दाभोळ वीजप्रकल्प १९९९ मध्ये सुरू होऊन २००१ मध्ये बंद पडला आणि नंतर नव्या कंपनीच्या हाती गेला. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीने पदविकाधारकांना आणि विज्ञान पदवीधरांना काम दिले, पण खाडीच्या प्रदूषणाने भोई समाजाच्या मासेमारीवर घाला आला. रोजगार मोजताना आलेले काम मोजतात, गेलेले मोजत नाहीत.

निकाल आणि रिकामी घरे

२०१२ मध्ये स्वतंत्र कोकण विभागीय मंडळ सुरू झाले आणि तेव्हापासून दहावीच्या निकालात कोकण सातत्याने राज्यात पुढे राहिले आहे. याचे श्रेय शिक्षकांना आहेच. पण जनगणनाही पाहावी. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, ती सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली. हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया, हे प्रमाण मुलींच्या स्वागताचे नव्हे, तर कामासाठी बाहेर गेलेल्या पुरुषांचे द्योतक आहे. आपण मुलांना उत्तम रीतीने उत्तीर्ण करतो आणि निरोप देतो. जाणे वाईट नाही. शतकभर कोकणाने तेच केले. प्रश्न हा, की आपला विद्यार्थी काय घेऊन जातो?

अलोऱ्याच्या इतिहासातून मला वाटते ते असे. ‘जागा’ आणि ‘कसब’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा प्रकल्पाची असते आणि प्रकल्पाबरोबर संपते. वेल्डिंग, मोजणी, यंत्राची दुरुस्ती, नकाशा वाचणे, नोंदी ठेवणे ही कसबे माणसाबरोबर जातात. ‘कायम’ होण्याची आस चुकीची नव्हती. मस्टरवरच्या बापाने सुरक्षिततेची इच्छा धरणे यात कमीपणा कसला? चूक झाली असेल तर ती, आपण मोठ्यांनी त्या एका शब्दाला संपूर्ण भविष्य समजण्यात. आजही दिवसा सूर्याची वीज वाढत असताना संध्याकाळच्या मागणीसाठी जलविद्युत केंद्रे आणि घाटघरसारखे उदंचन प्रकल्प महत्त्वाचे ठरत आहेत. या परिसरात पुन्हा एखादे वशिंड येईलही. तेव्हा ते वशिंड आहे, पठार नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असले पाहिजे.

त्यासाठी एक उपक्रम सुचवतो. आठवी-नववीच्या मुलांनी आपल्या घरातील व शेजारच्या तीन पिढ्यांतील माणसांना चार प्रश्न विचारावेत : तुम्ही कोणते काम केले? ते आहे हे तुम्हाला कोणी सांगितले? त्यासाठी काय शिकावे लागले? ते केव्हा व का संपले? स्त्रियांच्या कामाची, विनामोबदला केलेल्या कामाचीही, नोंद जरूर घ्यावी. मग वर्षे आडव्या अक्षावर घेऊन आलेखकागदावर प्रत्येक कामासाठी एक रेघ ओढावी. कोणत्या रेघा एकदम सुरू झाल्या, कोणत्या एकदम तुटल्या आणि कोणत्या एका कामातून दुसऱ्यात वळल्या, हे मुलांनाच शोधू द्यावे. वळलेल्या रेघांपाशी थांबून विचारावे, की त्या माणसाजवळ असे काय होते, ज्यामुळे त्याला वळता आले?

इतके झाल्यावर ‘मोठेपणी तू कोण होणार?’ हा प्रश्न पुन्हा विचारून पाहा. उत्तरे कदाचित तीच येतील. पण त्यांच्यामागून मुलांचेही काही प्रश्न येतील, आणि ते ऐकून घेण्यासाठी त्या तासाला वेळ राखून ठेवावा.